अपघाती मृत्यूची भरपाई आणि शेतकऱ्याचें दप्तर

कोलाडवरून मुंबई-गोवा हमरस्ता जातो आणि जवळूनच कोकण रेल्वेचा मार्ग जातो. या दोहोंमुळें आमच्या भागाचें दळणवळण वाढलें हें खरें. परंतु रस्ता ओलांडून शेतावर जाणाऱ्या माणसाच्या जिवास धोका वाढला, हेंही तितकेंच खरें. अशा रीतीनें घरचा कर्ता पुरुष गेला म्हणजे पहिले दिवस शोकांत जातात, तेरावा उरकतो, आणि मग भाऊबंदांपैकीं कोणी तरी हळूच विचारतो, 'कांहीं मिळायचें आहे काय?' या प्रश्नाचें उत्तर बऱ्याच अंशीं त्या मयतानें जिवंतपणीं आपले कागद कसे ठेविले यावर अवलंबून असतें, असें महसुली कचेरींतील आमच्या नोकरीच्या अनुभवावरून आम्हांस वाटतें.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, भरपाई ही भिक्षा नव्हे, आणि ती जिवाची किंमतही नव्हे. मयताच्या मिळकतीवर जीं माणसें जगत होतीं, त्यांचा आधार तुटल्याबद्दल तें देणें आहे. जुन्या इंग्रजी कायद्याचें मत असें होतें कीं, माणूस मेला म्हणजे त्याच्या मृत्यूबद्दलचा दावाही त्याच्याबरोबर मेला. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणें अशी आगगाडी १८५३ सालीं सुरू झाली आणि १८५५ सालीं अपघाती मृत्यूसंबंधीं कायदा होऊन पत्नी अगर पति, आईबाप व मुलें यांस नुकसान मागण्याचा हक्क मिळाला. मंत्री अगर अधिकारी अपघाताच्या जागीं येऊन जी सानुग्रह मदत जाहीर करतात ती निराळी. ती मिळाली म्हणून हा हक्क संपत नाहीं.

या हक्काची रेल्वेकडील वाट त्यांतल्या त्यांत सरळ आहे. ता. ४ मे २०१४ रोजीं दिवा-सावंतवाडी पॅसेंजर गाडी नागोठणें व रोहें यांच्या दरम्यान निडी गांवाजवळ रुळांवरून घसरली व सुमारें वीस उतारू मृत्यु पावले. अशा अपघातांत दोष कोणाचा हें वारसांस सिद्ध करावें लागत नाहीं व रक्कमही ठराविक असते. त्या वेळीं ती मृत्यूबद्दल ४ लाख रुपये होती. १ जानेवारी २०१७ पासून ती ८ लाख झाली. मयत कारखानदार असो वा मजूर असो, रक्कम एकच. अर्ज मात्र रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे एक वर्षाच्या आंत करावयाचा असतो.

मोटारीच्या अपघाताची गोष्ट वेगळी आहे. रस्त्यावर धांवणाऱ्या प्रत्येक गाडीस तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे, व न्यायाधिकरणानें ठरविलेली रक्कम सामान्यतः त्या गाडीची विमा कंपनी भरते. १ एप्रिल २०२२ पासून दोष सिद्ध न करतां मृत्यूबद्दल ५ लाख रुपये घेण्याची सोय आहे. ठोकर देऊन पळालेल्या गाडीचा पत्ताच लागला नाहीं, तर सरकारी योजनेंतून २ लाख मिळतात. परंतु ज्यास पूर्ण भरपाई हवी, त्यानें चालकाचा हलगर्जीपणा आणि मयताचें उत्पन्न हीं दोन्ही सिद्ध करावीं लागतात.

हिशेबाची रीत सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं व पुन्हा ऑक्टोबर २०१७ मध्यें घालून दिली आहे. उदाहरणादाखल ३८ वर्षांचा शेतकरी घ्या. मागें आई, बायको व दोन मुलें. महिन्याचें उत्पन्न १२,००० रुपये धरलें, तर वर्षाचे १,४४,००० होतात. पुढें उत्पन्न वाढलें असतें म्हणून शेंकडा ४० मिळवावयाचे, म्हणजे २,०१,६००. त्यांतून मयताचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा करावयाचा, बाकी १,५१,२००. या वयास गुणक १५ आहे. गुणाकार २२,६८,००० होतो. अंत्यविधि, सहवासाची हानि वगैरेंबद्दलच्या ठराविक रकमा निराळ्या. आतां उत्पन्नाचा कांहींच पुरावा नाहीं म्हणून न्यायाधिकरणानें महिना ६,००० च धरले, तर ही रक्कम बरोबर निम्म्यावर येते. तोच माणूस, तींच पोरकीं मुलें. ११,३४,००० रुपयांचा फरक केवळ कागदाचा.

नोकरदाराच्या घरीं पगाराचा दाखला असतो. शेतकऱ्याच्या घरीं काय असतें? सातबारा. आणि येथेंच मोठी अडचण आहे. हरियाणांतील एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २००३ सालीं असें म्हटलें कीं, शेतकरी मेला तरी जमीन वारसांकडे राहतेच. म्हणून शेतीच्या उत्पन्नास नेहमींचा नियम तंतोतंत लागू होत नाहीं. देखरेखीस दुसरा माणूस ठेवावा लागेल, तेवढें नुकसान मुख्यतः पाहावयाचें. हें तत्त्व अगदींच खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याची शेती मोठी आहे व जो गडी लावूनच ती करवितो, त्यास तें लागू पडेल. परंतु कुंडलिकेच्या खोऱ्यांतील दोन-अडीच एकरांच्या खातेदाराचें काय? खरिपांत भात, त्यामागून वाल, पाणी मिळालें तर थोडी भाजी. नांगरणी, लावणी, राखण सर्व घरच्या अंगमेहनतीवर. त्याच्या जागीं मजूर लावला, तर मजुरी जाऊन पदरांत पेंढा तेवढा उरेल. अशा घरीं जमीन मागें राहते, पण जमीन पिकविणारा हात व डोळा गेलेला असतो. आणि उत्पन्न जमिनीचें नसून त्या हाताचें होतें. हा भेद न्यायाधीशास सांगावा लागतो व दाखवावाही लागतो. भात विकल्याची पावती, दूध घातल्याची वही, मजुरी दिल्याची टिपणें, बँकेंत भरलेले पैसे, यांवांचून तो दाखविणार कसा?

दुसरी अडचण याहूनही घरगुती आहे. राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नांवाची शेतकरी अपघात योजना आहे. पूर्वीं ती विमा कंपनीमार्फत चाले. २०२३ पासून सरकार स्वतः सानुग्रह अनुदान देतें. १० ते ७५ वर्षें वयाच्या वहितीधारक खातेदारास व त्याच्या कुटुंबांतील खातेदार नसलेल्या एका व्यक्तीस तिचा लाभ आहे. मोटार, वीज, सर्पदंश, पाण्यांत बुडणें अशा अपघातीं मृत्यु आल्यास २ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषि अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आंत करावा. पण या सर्वांचा पाया सातबाऱ्यावरील नांव हा आहे.

याबद्दल एक गोष्ट सांगितल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. आम्ही नोकरींत असतांना एक बाई कचेरींत आली. तिचा नवरा हमरस्त्यावर मोटारीखालीं सांपडून गेला होता. त्या वेळच्या विमा योजनेसाठीं तिनें सातबारा काढला, तों त्यावर तिच्या सासऱ्याचें नांव. आणि सासरा मरून बरींच वर्षें झालेलीं. ती म्हणाली, 'भाऊसाहेब, भात आम्हीच लावतों, सारा आम्हीच भरतों. मग माझा नवरा शेतकरी नव्हता काय?' आम्हीं जुने कागद उलगडले. तिच्या नवऱ्यानें दोन वर्षांपूर्वीं वारस नोंदीचा अर्ज दिलेला होता. बापाच्या मृत्यूचा दाखला जोडला नाहीं एवढ्यावरून तो आम्हींच बाजूस ठेविला होता. त्यास निरोप पाठविला नाहीं. आणि लावणीच्या गडबडींत तोही पुन्हा फिरकला नाहीं. चूक त्याची थोडी, आमची अधिक. भोगली मात्र त्या बाईनें. तिला त्या योजनेंतून एक पैसाही मिळाला नाहीं. ती घटना आम्ही विसरलों नाहीं, व हा लेख लिहिण्याचें खरें कारणही तेंच आहे.

शेतकरी नेहमीं मागणाऱ्याच्याच बाजूस असतो असेंही नाहीं. आतां अनेकांच्या दारीं ट्रॅक्टर आहे. त्याचा विमा संपलेला असला, अगर शेतीकामाच्या विम्यावर ट्रॉलींत वऱ्हाड बसवून नेतांना अपघात झाला, तर विमा कंपनी अंग काढून घेण्याचा संभव असतो व देणें मालकावर येतें. तें न दिल्यास न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्याकडे दाखला पाठवितें व रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल होते. थकबाकीच्या नोटिसा आम्हीं पुष्कळ लिहिल्या आहेत; त्यांचा शेवट जमिनीच्या जप्तींत कसा होतो हेंही पाहिलें आहे.

म्हणून आमचें सांगणें थोडें आहे. घरांत मृत्यु झाला कीं तीन महिन्यांच्या आंत तलाठ्याकडे, ज्यांस आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांजकडे, वारसाची वर्दी द्यावी; विधवा व मुली यांचीं नांवें वगळूं नयेत. वर्षाचा जमाखर्च एका वहींत लिहावा. अपघात झाल्यास मोटारवाल्याशीं जागच्या जागीं मिटवामिटव करूं नये. पोलिसांत फिर्याद, पंचनामा व शवविच्छेदनाचा दाखला हे कागद झालेच पाहिजेत. मोटारीचा दावा सहा महिन्यांच्या आंत दाखल करावा. तो अपघाताच्या जागीं तसाच दावेदार राहतो तेथील न्यायाधिकरणांतही चालतो, तेव्हां लांब जावें लागेल ही भीति बाळगूं नये.

आमच्या संघासही एक विनंति आहे. दर वर्षीं पेरणीपूर्वीं प्रत्येक गांवीं एक दिवस ठरवून सभासदांचे सातबारे मोठ्यानें वाचून दाखवावे, व ज्या खात्यावर मेलेल्या माणसाचें नांव असेल तेथें त्याच दिवशीं वारसाचा अर्ज लिहून घ्यावा. रोहें तालुक्यांतील अशी लिखापढी विनामूल्य करून देण्यास आम्ही तयार आहों.