फसलो, हे कुणाला सांगायचे?

दोन वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, एका संध्याकाळी मोबाइलवर निरोप आला. मागच्या महिन्याचे वीजबिल भरल्याची नोंद नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, ताबडतोब अधिकाऱ्यांशी बोला. बिल मी भरले होते; पावती टेबलाच्या खणात होती. तरीही फोन केला. पलीकडचा माणूस इतक्या आदबीने बोलत होता की, त्याच्यावर संशय घेणे मलाच असभ्यपणाचे वाटले. त्याने एक ॲप उतरवून घ्यायला लावले, 'नोंदीसाठी' दहा रुपये भरायला लावले. त्या ॲपमधून माझ्या फोनचा पडदा त्याला दिसतो आहे, हे माझ्या ध्यानात येईपर्यंत खात्यातले अडतीस हजार गेलेले होते.

पैसे गेल्याचे दुःख होतेच. पण खरी गोष्ट पुढची आहे. तीन आठवडे मी घरात कुणाला बोललो नाही. तीस वर्षे लेखणी चालवून लोकांना शहाणपण सांगणारा माणूस वीजबिलाला फसला, हे सांगायचे कोणत्या तोंडाने? १९३० या क्रमांकावर लगेच फोन केला, तर पैसे चोराच्या हाती पडण्याआधी ते मधल्या खात्यात गोठवण्याची शक्यता असते. मला हे ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी लाजेपायी मी तो फोन केला असता का, कोण जाणे!

शेवटी पुतण्यापाशी तोंड उघडले. तो संगणकाच्या क्षेत्रातला. रागावेल असे वाटले होते, पण "काका, शनिवारी सकाळी मोकळे आहात का? माझ्याबरोबर चला," एवढेच म्हणाला.

त्याने मला नेले ते पुण्यात 'नल' या मंडळींच्या मासिक बैठकीला. संगणक-सुरक्षेची आवड असलेल्यांनी आपल्याच देशात उभी केलेली ही स्वयंसेवी संघटना. पुण्या-मुंबईसह अनेक शहरांत तिच्या शाखा आहेत. आत यायला पैसे पडत नाहीत. गोव्यात २०१० साली सुरू झालेली 'नलकॉन' परिषद याच मंडळींतून निघाली. निम्मे बोलणे माझ्या डोक्यावरून गेले, हे कबूल करतो. पण एक प्रसंग मनात राहिला. पंचविशीतली एक मुलगी उभी राहिली आणि तिने स्वतःच लिहिलेल्या प्रोग्राममधली चूक पडद्यावर मांडली. ग्राहकाने आपल्या क्रमांकाऐवजी शेजाऱ्याचा क्रमांक घातला की शेजाऱ्याची सगळी माहिती समोर यायची! कुणी हसले नाही. "हे मीही करून बसलोय," असा मागून आवाज आला, आणि मग ते भोक कसे बुजवायचे यावर बराच वेळ वाद रंगला.

आमच्या वृत्तपत्राच्या कचेरीत कुणी आपली चूक अशी आपणहून सांगितल्याचे मला तरी आठवत नाही. असो.

प्रत्यक्ष हात चालवून शिकण्याच्या सत्रांना ही मंडळी 'हमला' म्हणतात. "म्हणजे चोऱ्याच शिकवता की!" असे मी म्हणालोही. पुतण्याने सांगितले की, सराव त्यासाठीच मांडलेल्या यंत्रणेवर करायचा, दुसऱ्याच्या दाराला हात लावायचा नाही. आणि चोरांना हे सगळे आधीच येते, येत नाही ते आपल्याला. जगभर हे काम असेच चालते. 'ओवास्प' ही २००१ साली सुरू झालेली संस्था अशीच स्वयंसेवकांच्या बळावर उभी आहे. वेबसाइटमधल्या दहा मोठ्या धोक्यांची तिची यादी २००३ मध्ये प्रथम निघाली. आज मोठमोठ्या कंपन्या ती प्रमाण मानतात, आणि ती कुणालाही फुकट वाचता येते.

आपल्याकडे ही रीत मुळीच नवी नाही. १९८९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते शाळाशाळांतून पेटता कापूर जिभेवर ठेवून दाखवीत आणि मग त्यातली युक्ती समजावून सांगत. शंभर व्याख्यानांनी झाले नसते ते त्या कापराने होई. आणि बुवाच्या नादी लागलेल्याला ते मूर्ख म्हणत नसत. काही काळ फोन लावला की आधी सायबर फसवणुकीची सूचना वाजायची. ती कधी संपते याचीच आपण वाट पाहत असू. सूचना आणि शिक्षण यांतला फरक तो हाच.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तेव्हा बँकेला कुणी बावळट म्हटले नाही. हल्ला झाला, असेच म्हटले. मग निवृत्त मास्तरांचे पैसे गेले की आपण "एवढे शिकलेले, आणि असे कसे फसलात?" का विचारतो?

माझी तक्रार आहे ती वेगळीच. मी पाहिली ती बैठक इंग्रजीत चालली होती, आणि विषय इंजिनिअरांचे होते. लुटला जाणारा माणूस मात्र मराठीत विचार करतो आणि दुपारी घरी एकटा असतो. मुलांना तरी दोष कसा द्यावा? सुटीच्या दिवशी ती पदरमोड करून येतात. एखाद्याची बदली झाली, दुसरी परदेशी गेली, की चाललेले काम थंडावते. हे या कामाचे मोठे दुखणे आहे.

तरी मी गळ घातली. गेल्या हिवाळ्यात पुतण्या आणि ती मुलगी आमच्या पेठेतल्या वाचनालयात आली. भिंतीवर दोन फोनांचे पडदे शेजारी शेजारी दाखवले. एकावर मी वीजबिलाचा निरोप वाचत होतो, दुसऱ्यावर 'चोराला' काय काय दिसते ते लोक पाहत होते. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन मागितला म्हणजे पैसे जाणार, हे मराठीत तीनदा सांगून झाले. मग मी माझे अडतीस हजार सांगितले. प्रथमच, चारचौघांत. घसा कोरडा पडला होता.

कार्यक्रम संपल्यावर जिन्यात एका ओळखीच्या गृहस्थांनी माझा दंड धरला. बँकेत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले.

"माझे सव्वा लाख," ते हळूच म्हणाले. "हिला अजून सांगितलेले नाही."

"कधी गेले?"

"आज सकाळी."

पुतण्या दोन पायऱ्या खाली होता. त्याला हाक मारली, आणि आम्ही तिघे तिथेच पायरीवर बसून १९३० लावू लागलो.