ताऱ्यांची एकच पट्टी
या शुक्रवारीही परीक्षणांच्या डोक्यावर तारे आहेतच. मंडळी, २०१५चा दिवाळी पाडवा आठवा: १२ नोव्हेंबरला ‘कट्यार काळजात घुसली’, ‘मुंबई-पुणे-मुंबई २’ आणि ‘प्रेम रतन धन पायो’ एकदमच लागले. गायकांचं वैर, लग्नाआधीची धाकधूक, सलमानचा डबल रोल. मोजायला मात्र पाच ताऱ्यांची तीच पट्टी. हा निव्वळ आळस आहे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी सतारीला काढा म्हणालात, तर कारागीर आधी चहा पाजेल, मग समजावेल की प्रत्येक वाद्याची घोडी त्याच्या नादासाठी वेगळी घासावी लागते. वाचकाला घाई असते, हे कबूल. पण संगीतपटाचे तीन तारे आणि मसालापटाचे तीन वेगळे असतील, तर घाईतला माणूसच जास्त फसतो. गाणी कथा पुढे नेतात की अडवतात, एवढं सांगा; नाट्यसंगीत न सोसणाराही तेवढ्यावरून तिकिटाचं ठरवेल.