चावी कोणाच्या खिशात?

खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. लोणावळ्याकडच्या तलावांतले पाणी नळांतून घाटाखाली उतरले आणि त्या विजेवर मुंबईच्या कापड गिरण्या चालू लागल्या. आपले बॉयलर, आपला कोळसा सोडून डोंगरापलीकडून येणाऱ्या विजेवर विसंबायचे, हे त्या काळच्या गिरणीमालकांना केवढे धाडस वाटले असेल! आज कर्जत-खालापूरच्या छोट्या व्यावसायिकांपुढे तसाच व्यवहार आला आहे, आणि बहुतेकांनी तो फारसा विचार न करता पत्करलाही आहे.

हा व्यवहार म्हणजे ‘क्लाउड’. माथेरानवर उतरणाऱ्या ढगांशी याचा काही संबंध नाही. धंद्याची ई-मेल, हिशेबाचे तक्ते, कोटेशने हे सारे कचेरीतल्या कपाटात न ठेवता गूगल, मायक्रोसॉफ्ट किंवा झोहोसारख्या कंपनीच्या संगणकांवर ठेवायचे आणि भाडे भरायचे. अशा संगणकांची एक प्रचंड इमारत २०२० पासून शेजारच्या पनवेलमध्येच उभी आहे. सोय मोठी, यात शंका नाही. कचेरीत पाणी शिरले तरी कागद वाचतात. २००५ च्या जुलैतला उल्हास नदीचा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना याचे मोल सांगायला नको.

तेव्हा माझा क्लाउडला विरोध नाही. पण भाडे भरले की जबाबदारी संपली, हा समज मला घातक वाटतो. वीज खोपोलीची असली तरी बटण गिरणीच्याच ताब्यात होते. आपल्याकडे काय दिसते? धंद्याची ई-मेल पुतण्याच्या नावाच्या फुकट खात्यावर. पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर. नोकरी सोडून वर्ष झालेल्या कारकुनाच्या मोबाइलवर कंपनीची पत्रे अजून येताहेत. कामगारांच्या आधार कार्डांच्या प्रती अशा फोल्डरमध्ये, की लिंक हाती पडेल त्याने उघडून पाहाव्यात.

चोराला कुलूप फोडावेच लागत नाही. २०१३ ते २०१५ या काळात लिथुआनियातल्या एका इसमाने खुद्द गूगल आणि फेसबुकला त्यांच्याच एका पुरवठादाराच्या नावाने खोट्या ई-मेल व बिले पाठवली आणि सुमारे १२ कोटी डॉलर आपल्या खात्यांत वळवून घेतले. त्याला पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत शिक्षा झाली. जिथे गूगल फसते, तिथे खोपोलीच्या वर्कशॉपची काय कथा?

उपाय मात्र महाग नाहीत. ई-मेलचे डोमेन आणि मुख्य खाते व्यवसायाच्या नावावर असावे. त्याचा ताबा मालक आणि आणखी एका विश्वासू माणसाकडे राहावा, संगणक दुरुस्त करणाऱ्याकडे नव्हे. पासवर्डनंतर दुसरी पडताळणी सर्वांना सक्तीची करावी. माणूस नोकरी सोडेल त्याच दिवशी त्याचे खाते बंद करावे. महत्त्वाच्या कागदांची एक प्रत वेगळी ठेवावी. ‘आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे’ असे पत्र आले, तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. पैसे गेलेच, तर लाजेने गप्प न बसता लगेच १९३० वर तक्रार करावी.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही हाच आहे: माहिती दुसऱ्याच्या संगणकावर ठेवली, तरी ती जपण्याची जबाबदारी मूळ व्यवसायाचीच. ही केवळ मालकांची बाब समजू नका. आपल्यापैकी कुणाची मुलगी, कुणाची सून अशाच कचेरीत हिशेब पाहते. बनावट पत्रावर पैसे गेले, की पहिला ठपका तिच्यावर येतो, मग नियम घालून देणे मालकाने टाळलेले का असेना.

उद्या सोमवार. कचेरी उघडली की एवढेच विचारून पाहा: आपल्या ई-मेलची चावी नेमकी कोणाच्या खिशात आहे?