खेळणारा कोण?



'द गेम ऑफ लाइव्ह्‌ज' या कादंबरीवर गेल्या अंकातल्या पत्रलेखकांनी 'गेमचं व्यसन लावणारं पुस्तक' असा शेरा मारलाय. तो मला मुळीच पटला नाही. जेम्स डॅशनरच्या त्रयीचा हा २०१५ मधला शेवटचा भाग. पहिल्याच भागाच्या (२०१३) अखेरीस गेम खेळणाऱ्या नायकाला, मायकेलला, कळतं, की आपण माणूस नाही, प्रोग्राम आहोत. दुसऱ्याच एका मुलाच्या शरीरात उतरवलेला. मग त्या मुलाचं काय? पुढच्या सगळ्या कथेवर याच प्रश्नाचं ओझं आहे. यात व्यसन लावण्यासारखं काय आहे?

इथे भंवरकुआंत क्लास सुटला की पोह्यांच्या ठेल्याशी पोरं मोबाइल आडवे धरून उभी असतात. एका हातात द्रोण, दुसऱ्या अंगठ्याने गेम चालू. 'खेळू नका' म्हटलं तर ऐकतं कोण? खेळणारा कोण, असं विचारणारी गोष्ट मात्र ती वाचतील. जयंत नारळीकरांनी 'वामन परत न आला' या कादंबरीत बुद्धिमान यंत्रमानव आणून अशी गोष्ट लिहिण्याचं धाडस आपल्याकडे कधीच केलंय. मारामारी जास्त झाली, हे पत्रलेखकांचं म्हणणं मान्य. पण तेवढ्यावरून पुस्तक मुलांच्या हातून काढून घेऊ नये. मराठीत कुणी अशी मालिका लिहिली, तर संपादकांनी ती क्रमशः छापावी, ही विनंती.

– एक वाचक, भंवरकुआं, इंदूर