तोफा, विमाने आणि न विचारलेला प्रश्न

सिंगापूरच्या तोफांची तोंडे समुद्राकडे होती म्हणून ते शहर पडले, ही कथा आपण अनेकदा ऐकतो. ती पुरती खरी नाही. अवजड तोफांपैकी बऱ्याचशा जमिनीकडे वळत होत्या. वानवा होती ती योग्य गोळ्यांची. आम्हांला मात्र या दंतकथेहून तिच्यामागचा जुना वाद अधिक बोधप्रद वाटतो.

१९२१ मध्ये ब्रिटनने सिंगापुरात आरमारी तळ बांधण्याचे ठरविले. त्याच्या रक्षणार्थ नौदलाला १५ इंची तोफा हव्या होत्या. हवाई दलाचे प्रमुख ट्रेंचर्ड यांचे म्हणणे असे, की त्याऐवजी टॉर्पेडोवाहू विमाने ठेवावीत. ती स्वस्त पडतील आणि एरवी अन्यत्रही वापरता येतील. यावरचा आक्षेप मार्मिक होता: जी अन्यत्र जाऊ शकतात, ती ऐन वेळी अन्यत्रच असतील. तोफ काही उठून जात नाही!

पुढे दोन्ही पक्ष खरे ठरले, हा या प्रकरणातला दैवदुर्विलास. १० डिसेंबर १९४१ रोजी ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ या युद्धनौका जपानी विमानांनीच बुडविल्या. दुसरीकडे, मलायासाठी ३३६ विमाने हवीत, असा सेनाप्रमुखांचा १९४० चा अंदाज असताना युद्धारंभी आघाडीची विमाने त्याच्या निम्मीही नव्हती. त्याच वर्षी हरिकेन विमाने रशियाला मात्र रवाना होत होती.

ब्रिटनची तेव्हाची निकड खोटी होती, असे कोणी म्हणणार नाही. पण आमचा मुद्दा नेमका हाच आहे. वसाहतीतला ‘कायम’ हा शब्द मायदेशाच्या निकडीपुरताच कायम असतो. या वादात खर्च मोजला गेला, पल्ला मोजला गेला. ज्यांच्या डोक्यावर ती विमाने असणार किंवा नसणार होती, त्यांचे मत कोणी विचारले नाही.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर शरण गेले. त्यानंतर तेथील चिनी रहिवाशांची कत्तल झाली. फॅरर पार्कवर हजारो हिंदी सैनिक एका सत्तेकडून दुसरीकडे सोपविले गेले. आझाद हिंद सेनेचा आरंभ त्यांतूनच झाला. ज्या संरक्षणाचा निर्णय रक्षितांच्या हाती नसतो, त्याला संरक्षण म्हणावे काय? तोफा की विमाने, हा प्रश्न आमच्या लेखी त्यानंतरचा आहे.