थंडी काय फक्त दिल्लीलाच वाजते?

डिसेंबर लागला की बातम्यांत दिल्लीचे धुके आणि काश्मीरचा बर्फ सुरू होतो. ते पाहून मराठवाड्यातल्या लोहाऱ्यात चहाच्या टपरीवर शेकत उभा असलेला माणूसही म्हणतो, ‘आपल्याकडं कसली आलीय थंडी!’ मराठवाडा म्हणजे ऊन आणि दुष्काळ, ही ओळख इतकी अंगवळणी पडली आहे की दात वाजत असतानाही आपण हेच बोलतो. हे बोलणे चुकीचे आहे, आणि त्याची किंमत गरिबाला मोजावी लागते.

दिल्लीचा पारा आपल्यापेक्षा खाली उतरतो, हे मान्यच. पश्चिमी प्रक्षोभ हिमालयात बर्फ पाडून गेला की मागून सुटणारे कोरडे वारे आधी तिलाच गाठतात. पण सगळ्या देशाची थंडी एकाच मापाने मोजता येत नाही. हवामान खातेही तसे करत नाही. सपाट प्रदेशात किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली आणि तिथल्या सरासरीहून निदान 4.5 अंशांनी कमी गेले की थंडीची लाट धरतात. किनाऱ्यावर 10 ऐवजी 15 अंश पुरतात. ज्या गावाला जी सवय, तिच्यावरून तिथला कडाका ठरतो.

एवढ्या दक्षिणेला थंडी येणार कुठून, असेही विचारतात. उत्तरेचे वारे येतातच, पण बरीचशी थंडी इथेच तयार होते. बालाघाटचे पठार, समुद्र लांब, हवा कोरडी. दिवसभर तापलेली जमीन रात्री ऊब सोडते आणि ती धरून ठेवायला आभाळात ढग नसतो. बंगालच्या उपसागरात वादळ उठून आभाळ भरून आले की थंडी पळते, हरभऱ्यावर घाटेअळी आणि ज्वारीवर चिकटा दिसू लागतो. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, कडब्याच्या खोपीपुढे बसून आंबील पिणाऱ्या शेतकऱ्याला विचारा. शाळू पोसतो तो याच थंडीवर. पहाटे हरभऱ्यावर पांघरलेले धोतर दवाने भिजते. ते पिळून काढलेली आंब पोटदुखीवर जपून ठेवणाऱ्या म्हाताऱ्या बायांना या थंडीचा पुरावा कधी लागला नाही.

ही थंडी अडवणारी घरेही आता उरली नाहीत. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात सास्तूरसारखी गावे जमीनदोस्त झाली. दगडमातीच्या जाड भिंतींच्या माळवदांनी माणसे चिरडली, म्हणून लोकांनी त्यांचा धसका घेतला आणि अनेकजण पत्र्याखाली राहू लागले. ती भीती खरीच होती. पण ऊब धरणारी भिंत गेली ती गेलीच. पत्रा पहाटे बर्फासारखा गार होतो, आतून पाणी सुटते आणि वाकळ ओलसर लागते. उसाच्या फडाशेजारी कोपीत, भुईवर झोपवलेल्या लेकराचे हाल तर याहून वाईट. निरभ्र, निवांत रात्री भुईलगतची हवा आणखी गार असते. मोजणीचा पारा मात्र माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, सावलीत टांगलेला असतो.

‘महावेध’ प्रकल्पात महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे बसली आहेत. त्यांचे आकडे विम्याच्या कामापुरतेच का राहावेत? लोहारा तालुक्यातल्या ग्रामपंचायतींना विनंती आहे: आपल्या मंडळाचा पहाटेचा पारा रोज सकाळी फळ्यावर लिहा. तो 10 च्या खाली गेला की अंगणवाडी तासभर उशिरा भरवा, आणि फडावरच्या कोप्यांपर्यंत त्याच दिवशी सरपण आणि घोंगड्या पोचवा.