आधी तिकीट मारायचे, मग विमा विकायचा!

आधी वाट अडवायची आणि मग वाटाड्याची मजुरी मागायची, असा एक धंदा नाटकाच्या तिकिटांत राजरोस शिरला आहे. 'एकदा विकलेले तिकीट परत घेतले जाणार नाही' हा हुकूम काढणारे तिकीटविक्रेते तुम्ही. त्या हुकमाची भीती घालून 'तिकीट संरक्षण' नावाच्या विम्याचे जादा पैसे मागणारेही तुम्हीच, नाहीतर तुमचे भागीदार. वा रे न्याय!

जोगेश्वरीच्या मजासवाडीतले एक चौकोनी कुटुंब घ्या. नाटक बघायचे तर पार्ल्याचे दीनानाथ, नाहीतर बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह. हिशेबापुरते तिकीट ५०० रुपये आणि संरक्षण तिकिटामागे ४० धरू. चौघांचे २,००० आणि वर १६०. अशी बारा नाटके पाहिली की संरक्षणापायी १,९२० रुपये गेले, म्हणजे जवळजवळ अख्ख्या घराचे एक नाटक गेले. बारांत एक प्रयोग हुकला, आणि तोही विमावाल्याला पटेल अशाच कारणाने हुकला, तर कुठे बरोबरी!

आणि त्याला पटणारी कारणे कोणती? दवाखान्याचा दाखला असलेला आजार, अपघात, घरातला मृत्यू. आमच्या घरांत नाटके हुकतात ती ऐनवेळी गावाहून आलेल्या पाहुण्यांमुळे, साहेबाने रविवारी कामावर बोलावल्यामुळे, रेल्वेच्या गोरेगावपुढच्या जंबोब्लॉकमुळे. आधी जाहीर झालेल्या ब्लॉकला अपघात कोण म्हणणार? पोराला रात्रीतून ताप भरला, तरी दाखल्यासाठी डॉक्टरची फी वेगळी. बुकिंगचे सुविधा शुल्क तर बहुधा परत मिळतच नाही.

राहिली भीती प्रयोगच रद्द होण्याची. नटाचा घसा बसला, पडदा उघडला नाही, तर तिकिटाचे पैसे परत मिळणे हा प्रेक्षकाचा हक्कच आहे. त्यासाठी एक छदामही जादा मोजू नये.

म्हणून आमचे मत स्वच्छ आहे: मराठी नाटकाच्या तिकिटावर हे संरक्षण घेऊ नका. अडलेच तर तिकीट शेजाऱ्याला द्या, सोसायटीच्या ग्रुपवर टाका, पाच मिनिटांत गिऱ्हाईक मिळेल. वांद्रे-कुर्ला संकुलात परदेशी संगीतिकेची हजारोंची तिकिटे महिने आधी काढली असतील आणि घरात आजारी म्हातारे माणूस असेल, तर गोष्ट निराळी. तेव्हाही आधी अटी वाचा. जुन्या दुखण्याला बहुतेक ठिकाणी दार बंदच असते.

पण वाचायला देतो कोण? चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली, अटी मुंगीच्या अक्षरांत, आणि नकाराच्या बटणावर 'नको, मी धोका पत्करतो' असा टोमणा! ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा तेरा फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली. न मागितलेली वस्तू बिलात घुसडणे त्यात आहे आणि गिऱ्हाइकाला लाजवून विकणेही आहे. मनाई कागदावर आहे, आणि खूण चौकटीत आहे!

जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सिनेमाच्या ऑनलाइन तिकिटांवरील सुविधा शुल्काला बंदी करणारे राज्य सरकारचे २०१३ आणि २०१४ चे आदेश रद्द केले. त्या निकालाशी आमचे भांडण नाही. घरबसल्या सोय हवी तर दाम मोजावे. पण सोयीचे दाम घेणाऱ्याने तिकीट परत करण्याची सोय का देऊ नये? रेल्वे काही रक्कम कापून तिकीट परत घेते. एसटीही घेते. नाटकाच्या खुर्चीलाच काय सोने लागले आहे? परत आलेली खुर्ची दुसऱ्याला विकली, तर बुडाले कोणाचे?

निर्मात्याची अडचण आम्ही जाणतो. थिएटरचे भाडे, नटांची नाईट, नेपथ्याचा टेम्पो, पडद्यामागच्या कामगारांचे पैसे हे सगळे प्रयोगाआधीच बांधलेले असते. पडदा वर जायच्या तासभर आधी कोणी पैसे मागू लागला, तर त्याला खुशाल खिडकीवरून परत पाठवा. पण आदल्या दिवसापर्यंत दहा टक्के कापून तिकीट परत घेतले, तर कोणाचे दिवाळे निघणार नाही.

दीनानाथ आणि प्रबोधनकार ठाकरे ही दोन्ही नाट्यगृहे महापालिकेची, म्हणजे करदात्यांची आहेत. त्यांच्या भाड्याच्या अटींत तिकीट परत घेण्याची ही एक ओळ घालायला ना नवा कायदा लागतो, ना दिल्लीची परवानगी. आयुक्तांनी ती घालावी आणि नाट्य परिषदेने ती मागावी. जोगेश्वरीपासून बोरिवलीपर्यंतच्या नगरसेवकांनी नाटकांच्या शुभारंभाला फुकट पासावर पहिल्या रांगेत बसण्याआधी सभागृहात हा ठराव मांडावा!